पंखांचे सिंह आणि दगडातले शरभ

एका प्राण्याचे डोके, दुसऱ्याचे धड आणि तिसऱ्याचे पंख किंवा शेपूट घेऊन कल्पनेने रचलेल्या प्राण्याला संमिश्र प्राणी म्हणतात. प्राचीन भारतीय कलेच्या अभ्यासात त्यासाठी ईहामृग हा शब्द रूढ आहे, तर मंदिरांच्या शिल्पकामात अशा पशूंना व्याल म्हणतात. नरसिंह, गरुड, मकर, किन्नर, कामधेनू ही सगळी त्याच कुळातली मंडळी. असे प्राणी जगातल्या बहुतेक संस्कृतींत आढळतात. त्यांचे अवयव वाटेल तसे जोडलेले नसतात. सिंहाचा पंजा ताकदीसाठी, गरुडाचे पंख वेगासाठी, माणसाचा चेहरा बुद्धीसाठी असा प्रत्येक भाग काही कामासाठी निवडलेला असतो. त्यामुळे कोणता प्राणी कोणत्या भागांतून उभा केला आहे हे पाहिले, की तो घडवणाऱ्यांना कशाची भीती होती, कशाचा आदर होता आणि कोणत्या मुलखाशी त्यांचा संबंध होता हे बरेचसे कळते.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा परिसर या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पश्चिमेला नाणेघाट आणि भीमाशंकरच्या रांगेत धो धो पाऊस, तर पूर्वेला आणे पठार किंवा लोणी-धामणीच्या बाजूला कायमची पाण्याची ओढ, असा हा उतरता प्रदेश आहे. इथे वाळवंट नाही. तरीही वाळवंटी मुलखात रुजलेले कल्पनेतले प्राणी दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या कातळात कोरले गेले आणि पुढे मध्ययुगात त्यांचेच दूरचे भाऊबंद शिवनेरीच्या दरवाजांवर येऊन बसले.

वाळवंटातला जन्म

संमिश्र प्राण्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे तो इजिप्तचा स्फिंक्स. गिझा येथील महाकाय स्फिंक्स इसवी सनपूर्व २५०० च्या सुमारास, खाफ्रे राजाच्या काळात, जागेवरचाच चुनखडीचा खडक तासून घडवला गेला असे मानले जाते. त्याची लांबी सुमारे ७३ मीटर आणि उंची सुमारे २० मीटर आहे. धड सिंहाचे आणि डोके राजाचे. नाईलची हिरवी पट्टी जिथे संपते आणि वाळवंट सुरू होते, त्या सीमेवर तो बसला आहे. वाळवंटाच्या कडेला सिंह वावरत, तेव्हा सीमेचा राखणदार म्हणून सिंहच निवडला जाणे स्वाभाविक होते. स्फिंक्स पुढे पश्चिम आशियात आणि ग्रीसमध्ये गेला, तेव्हा त्याला पंख फुटले. ग्रीकांनी तर त्याला स्त्रीचा चेहरा दिला.

दुसरा नामवंत प्राणी म्हणजे ग्रिफिन. सिंहाचे धड, गरुडाचे डोके आणि पंख असे त्याचे रूप. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसवी सनपूर्व पाचव्या शतकात ऐकीव माहितीवरून लिहिले, की दूर उत्तरेला ग्रिफिन सोन्याची राखण करतात. मध्य आशियातल्या गोबी वाळवंटात चोच असलेल्या, चार पायांच्या प्रोटोसेरॅटॉप्स या डायनोसॉरचे सांगाडे मोठ्या संख्येने सापडतात. सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या भटक्यांनी हे सांगाडे पाहिले आणि त्यातून ग्रिफिनची कथा जन्मली, असे मत अमेरिकी संशोधक एड्रियन मेयर यांनी मांडले. मत आकर्षक आहे, पण सर्वमान्य नाही. ग्रिफिनची चित्रे पश्चिम आशियात या कथेच्या फार आधीपासून आढळतात आणि त्यांतले सगळे अवयव जिवंत सिंहाचे व गरुडाचेच आहेत, हा त्यावरचा मुख्य आक्षेप.

हिरोडोटसच्या ग्रंथात भारताच्या वाट्यालाही एक वाळवंटी प्राणी आला आहे. भारताच्या वाळवंटात कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या राहतात, त्या बिळे खणताना सोन्याची वाळू वर काढतात आणि लोक कडक उन्हाच्या वेळी, मुंग्या बिळात असताना, उंटांवरून ती वाळू पळवतात असे तो सांगतो. फ्रेंच प्रवासी मिशेल पेसेल यांनी १९९० च्या दशकात याचा संबंध सिंधूच्या वरच्या खोऱ्यातील देवसाई पठारावरच्या मार्मोट या बिळे खणणाऱ्या प्राण्याशी जोडला. दूरच्या ओसाड मुलखाबद्दलची माहिती तोंडोतोंडी फिरू लागली, की साध्या प्राण्याचाही अद्भुत प्राणी होतो. त्याचा हा चांगला नमुना आहे.

नाणेघाट चढून आलेले पशू

पंखांचे आणि मानवमुखी पशू इराणमध्ये राजदरबाराच्या वास्तूंत स्थिरावले. पर्सेपोलिसच्या राजवाड्यांत खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेल्या बैलांच्या जोड्या आहेत. मानवमुखी बैलाची आणि ग्रिफिनची स्तंभशीर्षेही तिथे सापडली आहेत. घंटेच्या आकाराचे शीर्ष आणि त्यावर पशू ही मांडणी मौर्यकाळात भारतात दिसू लागते. त्यानंतर भारहूत आणि सांची येथील शिल्पांत पंखांचे सिंह येतात. सांचीच्या तोरणांवर उंटांवरचे स्वारही कोरलेले आहेत.

दख्खनमध्ये ही परंपरा पोचली ती व्यापारी मार्गांवरच्या लेण्यांत. कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटाने जुन्नरला चढत असे आणि तिथून पुढे पैठणकडे जात असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे आणि वाटेत जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. या वाटेने मालाबरोबर माणसेही आली. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांच्या दानाचे लेख आहेत. त्यांनी पाण्याची टाकी, भोजनमंडप आणि लेण्याचा दर्शनी भाग यांसाठी दान दिले. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या लोकांचे वंशज. यातल्या कोणी मूर्तिकारांना नमुने पुरवले असा पुरावा नाही, परंतु कोणत्या जगाशी जुन्नरचे येणेजाणे होते हे या लेखांवरून स्पष्ट होते.

लेण्याद्रीच्या डोंगरातील सहाव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे तिथले मुख्य चैत्यगृह, स्तूप असलेले बौद्ध प्रार्थनागृह. शेजारच्या सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती असल्याने भाविकांची रीघ तिकडे असते आणि चैत्यगृहाकडे नजर टाकून बहुतेक जण पुढे जातात. हे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या दात्याने दिले असे त्यावरील लेख सांगतो. आतले खांब अष्टकोनी आहेत. तळाशी घट, माथ्याशी उलटा घट, त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणाऱ्या चौकटी आणि सर्वांत वर बसलेले पशू अशी त्यांची रचना आहे. पशूंमध्ये हत्ती आहेत, वाघ-सिंह आहेत आणि त्यांच्याच पंगतीत माणसाचे तोंड असलेला स्फिंक्ससारखा प्राणीही आहे. एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षकांनी त्याची नोंद स्फिंक्स म्हणूनच केली. इजिप्तमध्ये राजाची सत्ता दाखवणारा आणि थडग्यांच्या परिसराची राखण करणारा हा प्राणी इथे बौद्ध स्तूपासमोर, छताखालच्या अंधुक उजेडात, हत्तीच्या बरोबरीने बसला आहे. त्याच्याकडे राजाचे काम उरलेले नाही. पवित्र जागेची शोभा आणि रक्षण एवढेच आहे.

मावळातील भाजे येथे विहाराच्या ओसरीतील स्तंभशीर्षावर स्त्रीचे अर्धे शरीर आणि गुरासारखे धड असलेले प्राणी आहेत. म्हणजे सिंहाच्या जागी गाय-बैल आले. हा बदल लक्षात घेण्याजोगा आहे. सिंह ज्या मुलखात रोज दिसत नाही, तिथला कारागीर ओळखीच्या जनावराचे धड वापरतो. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातील भूतलिंग लेण्याच्या दर्शनी भागावर गजलक्ष्मीबरोबर नाग आणि गरुड यांच्या आकृती आहेत. त्यांचा साचा पूर्णपणे भारतीय आहे. बाहेरून आलेली आणि इथली अशा दोन्ही कल्पना एकाच गावाच्या आसपासच्या डोंगरांत शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

शरभ : दरवाजावरचा पहारेकरी

लेण्यांनंतर हजाराहून अधिक वर्षांनी जुन्नरमध्ये संमिश्र प्राण्याचे दुसरे पर्व सुरू झाले. शिवनेरीवर सात दरवाजांच्या वाटेने चढताना दरवाजांवर शरभ कोरलेले दिसतात. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी सत्तेपासून वेगळे होऊन निजामशाही स्थापली, तेव्हा तिचे ठाणे जुन्नरच होते. १४९४ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) वसवल्यावर राजधानी तिकडे गेली. १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झाला तोही याच गडावर. दख्खनच्या किल्ल्यांवर शरभ मोठ्या प्रमाणात दिसू लागतो तो मुख्यतः बहमनी काळापासून, आणि पुढे सुलतानी व मराठे अशा दोन्ही राजवटींच्या दरवाजांवर तो आढळतो.

शरभ हा मूळचा भारतीय साहित्यातला प्राणी आहे, पण त्याचे रूप कधीच एक राहिलेले नाही. जातककथांमध्ये तो हरणाच्या जातीचा आहे. महाभारतात तो आठ पायांचा आणि सिंहाला मारणारा आहे. कालिदासाच्या मेघदूतात तो हिमालयात मेघावर झेप घेणारा उद्धट प्राणी आहे. पुढे शैव पुराणांनी त्याला शिवाचे रूप दिले. हिरण्यकशिपूच्या वधानंतरही नरसिंहाचा कोप शमेना, तेव्हा शिवाने पक्षी, सिंह आणि मानव यांचे मिश्र रूप घेऊन त्याला आवरले अशी ती कथा. तमिळनाडूतील दारासुरमच्या चोळकालीन मंदिरात ही मूर्ती आहे. कर्नाटकच्या राजमुद्रेत दोन डोक्यांच्या गंडभेरुंड पक्ष्याच्या दोन्ही बाजूंना जे प्राणी उभे आहेत, त्यांनाही शरभ म्हणतात. त्यांचे धड सिंहाचे आणि डोके हत्तीचे आहे.

महाराष्ट्रातील किल्ल्यांवरचा शरभ ओळखणे मात्र सोपे आहे. तो बहुधा बाजूने दाखवलेला असतो. अंग वाघ-सिंहाचे आणि आटोपशीर, तोंड वासलेले, दात उघडे, पुढचा एक पंजा उचललेला आणि शेपूट पाठीवरून वळून वर गेलेली. काही ठिकाणी खांद्यापाशी ज्वाळेसारखे छोटे पंख असतात. कारागिराचा कस लागतो तो पंजांपाशी. अनेक शिल्पांत तिथे हत्ती पकडलेले असतात. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजावरील प्राण्याने असेच हत्ती धरलेले आहेत. हत्ती शरभाच्या पंजात मावतील इतके लहान दाखवलेले असतात. इतक्या जड जनावराला खेळण्याएवढे करून टाकणे हेच त्या शिल्पाचे म्हणणे असते. हत्ती म्हणजे पराभूत किंवा दबदब्याखाली आलेले शत्रू आणि शरभ म्हणजे किल्ल्याचा धनी, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. विदर्भातील गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर सिंहांबरोबर गंडभेरुंडही आहे आणि त्यानेही हत्ती धरले आहेत.

ही कल्पना दगडापुरती राहिली नाही. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेल्या आणि आता विजापुरात असलेल्या मलिक-ए-मैदान या तोफेचे तोंड हत्तीला चावणाऱ्या हिंस्र पशूच्या जबड्यासारखे घडवले आहे. निजामशाहीच्या मुलखात दरवाजा आणि तोफ या दोन्ही ठिकाणी एकच पशू एकच काम करत होता : समोरून येणाऱ्याला धाक घालणे.

विशेष म्हणजे वाळवंटाचा खरा प्राणी, म्हणजे उंट, याच काळात दख्खनमध्ये वावरत होता. निरोप पोचवणारे सांडणीस्वार आणि उंटाच्या पाठीवरून उडवायच्या जंबुरका या छोट्या तोफा मराठी कागदपत्रांच्या वाचकांना परिचित आहेत. तरीही किल्ल्यांच्या शरभात उंटाचा एकही अवयव शिरला नाही. ओझे वाहणाऱ्या जनावरात धाक नसतो आणि दरवाजाला धाकच हवा होता. उलट सोळाव्या शतकातील इराणी चित्रकारांनी माणसे, ससे, सिंह आणि पक्षी एकमेकांत गुंफून आख्खा उंट चितारला. त्याच धर्तीची हत्ती-घोड्यांची चित्रे मुघल आणि दख्खनी दरबारांत काढली गेली. नऊ स्त्रियांच्या देहांतून साकारणारा नवनारीकुंजर हाही चित्रकलेच्या त्याच आवडीतला.

वाळवंट काय मागते

कल्पनेतल्या प्राण्याला पाणी प्यावे लागत नाही. खऱ्या वाळवंटात मात्र पहिला प्रश्न पाण्याचा, दुसरा उष्णतेचा आणि तिसरा वाळूचा असतो. उंटाच्या शरीराने या तिन्हींची उत्तरे दिली आहेत. त्याच्या मदारीत पाणी नसून चरबी असते. चरबी एकाच जागी साठल्याने बाकीच्या अंगातून उष्णता सहज बाहेर पडते. त्याच्या शरीराचे तापमान पहाटे ३४ अंश सेल्सियसपर्यंत उतरते आणि दुपारी ४० अंशांच्या वर चढते, त्यामुळे घामावाटे पाणी खर्च करण्याची वेळ उशिरा येते. वजनाच्या पाव भागाइतके पाणी गमावूनही तो तग धरतो आणि पाणी मिळाल्यावर काही मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पिऊ शकतो. त्याच्या तांबड्या रक्तपेशी लंबगोल असल्याने एकदम आलेल्या पाण्याने त्या फुटत नाहीत. श्वासातली वाफ नाकपुड्यांतच बरीचशी परत शोषली जाते. रुंद, मऊ तळवे वाळूत रुतत नाहीत आणि पापण्यांच्या केसांच्या दुहेरी ओळी डोळ्यांत वाळू जाऊ देत नाहीत.

उंटाशिवाय इतरांनीही आपापले उपाय शोधले आहेत. सहाराच्या फेनेक कोल्ह्याचे मोठे कान अंगातली उष्णता बाहेर टाकतात. पुणे जिल्ह्याच्या कोरड्या माळरानांवर दिसणाऱ्या पखुर्डीचा नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून पिलांसाठी पाणी घेऊन जातो. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा बहुतांश पाणी चाऱ्यातून आणि दवातून मिळवतो.

या कसोटीवर दगडातले प्राणी लावून पाहिले तर निकाल मजेशीर येतो. ग्रिफिनचा पाया चांगला आहे. सिंह शिकारीच्या रक्तमांसातून बरेच पाणी मिळवतो, म्हणून कलहारी आणि नामिबच्या वाळवंटांत सिंह राहू शकतात. गरुड तापलेल्या जमिनीवरून वर जाणाऱ्या हवेवर फारसे पंख न हलवता तरंगतो आणि पक्ष्यांचे उत्सर्जन घट्ट असल्याने पाणी वाचते. अडचण वजनाची आणि सांगाड्याची आहे. सिंहाएवढे धड पेलायला लागणारे पंख आणि छातीचे स्नायू अवाढव्य असावे लागतील. शिवाय पृष्ठवंशी प्राण्यांना अवयवांच्या दोनच जोड्या असतात. चार पाय ठेवून वर पंख हवे असतील तर तिसरी जोडी लागते. स्फिंक्सचा पेच वेगळा आहे. धड सिंहाचे असल्याने पाण्याची गरज मर्यादित, पण माणसाचे छोटे तोंड आणि बोथट दात शिकार फाडायला निरुपयोगी. हत्तीच्या डोक्याच्या शरभाला कानांचा फायदा मिळेल, पण मोठा हत्ती दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी पितो आणि त्याची सोंड-दाढा झाडपाल्यासाठी असतात; सिंहाच्या पोटाला त्यांचा उपयोग नाही. आठ पायांचा शरभ तर पृष्ठवंशी प्राण्यांच्या आराखड्यातच बसत नाही.

संकर आणि जोडणी

निसर्गात दोन जातींचे मिश्रण होते, पण त्याचे नियम कडक आहेत. नर आणि मादी जवळच्या नात्यातील जातींचे असावे लागतात. गाढव आणि घोडी यांच्यापासून होणारे खेचर डोंगरी वाटांवर ओझे वाहायला उत्तम, पण क्वचित अपवाद सोडता त्याला पिले होत नाहीत. मध्य आशियात एका मदारीच्या आणि दोन मदारींच्या उंटांचा संकर फार पूर्वीपासून करत आले आहेत. त्यांची संतती दोघांपेक्षा धिप्पाड आणि ओझ्याला दणकट निघते. १९९८ मध्ये दुबईत नर उंट आणि दक्षिण अमेरिकेतील मादी लामा यांच्यापासून कृत्रिम रेतनाने कामा हा प्राणी जन्माला आला. उंटाचा आकार व ताकद आणि लामाची लोकर हे एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होता. महाराष्ट्रातले जवळचे उदाहरण पुणे जिल्ह्याच्याच माळरानांवरचे आहे. तिथे लांडगा आणि कुत्रा यांच्यात संकर होत असल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हा संकर मात्र चिंतेचा मानला जातो, कारण त्यातून लांडग्याची मूळ जात विरळ होत जाण्याचा धोका आहे.

खऱ्या संकरात अवयव तुकड्यातुकड्याने जोडले जात नाहीत. दोघांचे गुण शरीरभर मिसळतात. कामाला उंटाची मदार आली नाही आणि त्याचा आकारही उंट व लामा यांच्या मधला राहिला. एकाचे डोके आणि दुसऱ्याचे धड अशी स्पष्ट सीमारेषा जिवंत प्राण्यात कुठेच सापडत नाही. शिल्पात मात्र ती सीमारेषाच महत्त्वाची असते. पाहणाऱ्याला सिंह आणि माणूस दोन्ही ओळखू आले नाहीत, तर दोघांचे बळ एकत्र झाल्याचे कळणार कसे?

प्राणी नव्या परिस्थितीशी जुळवून घेतो तो आहे त्या शरीरानिशी, आणि पुष्कळदा आधी सवयी बदलून. जुन्नर-आंबेगावचे बिबटे हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे उसाचे क्षेत्र वाढले. दाट उसात आडोसा, पाणी आणि कुत्री-शेळ्यांसारखे भक्ष्य मिळू लागल्यावर बिबट्यांनी जंगलाबाहेर संसार थाटला. माद्या उसातच पिले घालू लागल्या. त्यातून माणसांशी संघर्ष वाढला आणि माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र उभे राहिले. बिबट्याला त्यासाठी ना पंख लागले, ना जास्तीचे पाय. लेण्याद्रीचा मानवमुखी पशू आणि शिवनेरीचा शरभ यांना पाय, पंख आणि चेहरे देताना मात्र शिल्पकारांसमोर जगण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना स्तूपाची शोभा वाढवायची होती आणि दरवाजाचा पहारा करायचा होता. त्या दोन कामांसाठी जे अवयव लागतात, नेमके तेच त्यांना मिळाले आहेत.